वांग आणि व्यंग : त्वचेवरील काळ्या डागांविषयी

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने त्वचेवरील डागांविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी अधिकारातिक्रमण वाटण्याचा संभव आहे. ते तसे वाटू नये म्हणून आरंभीच एक कबुली दिलेली बरी. प्रस्तुत विषयाकडे लेखिका कोशांच्या वाटेने वळलेली नाही. ती वळली स्वतःच्या चेहऱ्यामुळे. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर तपकिरी छटेचे चट्टे उमटले. घरातील वडील स्त्रियांनी त्याला 'वांग' म्हटले आणि हळूहळू जाईल असे सांगितले. धीर मात्र राहिला नाही. एका परिचित बाईंनी सुचविलेले मलम औषधांच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणले व नेमाने लावले. तीन आठवड्यांत चेहरा उजळला आणि त्याचे कौतुकही झाले. पाचव्या महिन्यात उन्हात उभे राहणे अशक्य झाले. गाल लाल होऊन जळजळू लागले, बारीक पुटकुळ्या उठल्या. आणि मलम थांबविताच वांग पूर्वीपेक्षा गडद होऊन परतला.

पुढे त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे लागले, तेव्हा "डाग पडले आहेत" एवढेच मला सांगता आले. त्यावर त्यांनी ओळीने प्रश्न विचारले. डाग सपाट आहे की उंच? जन्मापासूनचा की मागाहून आलेला? त्या जागी आधी फोड, खाज किंवा जखम होती काय? रंग तपकिरी की राखाडी? त्या जागी स्पर्श कळतो ना? हे प्रश्न ऐकताना एक गोष्ट लख्ख ध्यानात आली. या प्रश्नांपैकी निदान तिघांची उत्तरे जुन्या मराठी शब्दसंपत्तीत आधीच नोंदलेली आहेत. आपण ते शब्द टाकले आणि त्यांच्या जागी एकटा 'डाग' ठेवला. शब्द टाकले म्हणजे भेदही टाकले, आणि भेद टाकले म्हणजे उपचार चुकला. या लेखाचे प्रतिपाद्य एवढेच आहे.

१. शब्दांचा साक्षात्कार

त्वचेवरील खुणांची मराठी नावे पाहावीत. 'तीळ' हा धान्यातील तिळाएवढा, काळा व सपाट. 'मस' हा शब्द संस्कृत 'मशक' वा 'माष' यांच्या कुळातील. आयुर्वेदात त्याचे वर्णन उडदासारखा उंचवटा असेच आहे. 'चामखीळ' म्हणजे चर्मकील, कातडीत ठोकलेली खीळ. 'लासे' हे जन्मापासूनचे. 'शिबे' म्हणजे छाती-पाठीवर पसरणारे, भुरकट कोंडा धरणारे ठिपके. सपाट की उंच, जन्मजात की आगंतुक, कोंडा धरणारे की न धरणारे, हे सर्व भेद या नावांतच सामावलेले आहेत.

'वण' या शब्दाचा इतिहास तर विशेष बोधप्रद आहे. संस्कृतात 'व्रण' म्हणजे जखम. मराठीत 'वण' म्हणजे जखम भरून आल्यावर उरलेली खूण. अर्थ कारणाकडून परिणामाकडे सरकला. आजचे वैद्यक ज्याला 'दाहोत्तर काळसरपणा' म्हणेल, त्याची कल्पना या एका अर्थांतरात पूर्णपणे आली आहे. याउलट 'डाग' हा फारसी 'दाग'शी जोडला जाणारा शब्द. त्याच्या मुळाशी तापल्या लोखंडाने उठविलेल्या खुणेची, म्हणून कलंकाची कल्पना आहे. कपड्यावरचा डाग, चारित्र्यावरचा डाग आणि गालावरचा डाग, तिन्हींना एकच शब्द. आणि पहिल्या दोहोंप्रमाणे तिसराही घासून, धुऊन काढावयाचा असतो, अशी समजूत त्या शब्दासोबतच येते.

आता 'वांग'. याचे मूळ संस्कृत 'व्यङ्ग'. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये त्याची गणना असून वेदना नसणे, पातळपणा व काळपट छटा ही त्याची लक्षणे मानली आहेत. परंतु संस्कृतात 'व्यङ्ग' हे रूप दुहेरी आहे. मोनियर-विल्यम्स यांच्या १८९९ च्या कोशात ते दोन स्वतंत्र शब्द म्हणून नोंदले आहेत. एक 'वि' आणि 'अङ्ग' यांपासून बनलेला : अवयवहीन, सदोष. दुसरा 'अञ्ज्', म्हणजे माखणे, या धातूपासून आलेला : ठिपके असलेला, चित्रविचित्र. मराठीत पहिला तत्सम रूपाने 'व्यंग' म्हणून राहिला, आणि दुसऱ्याचा तद्भव होऊन 'वांग' झाला. चेहऱ्यावरील वांग हे मुळात व्यंग नव्हेच. ते माखलेपण आहे. समाजाने मात्र या दोन शब्दांचा पुन्हा संकर केला आहे.

२. वर्ण कसा घडतो

त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन या रंजकद्रव्यावर अवलंबून असतो. बाह्यत्वचेच्या तळच्या थरात रंजकपेशी विखुरलेल्या असतात. त्यांच्यात टायरोसिन या अमिनो आम्लापासून टायरोसिनेज नावाच्या, तांबे धारण करणाऱ्या विकराच्या साहाय्याने मेलॅनिन तयार होते. ते सूक्ष्म कणिकांत भरले जाते, आणि रंजकपेशीच्या फांद्यांसारख्या प्रवर्धांतून आसपासच्या सुमारे ३६ पेशींना पुरविले जाते. त्या पेशींत हे कण केंद्रकावर छत्रीसारखे पसरतात व सूर्याच्या अतिनील किरणांपासून त्याचे रक्षण करतात. काळेपणा हा मुळात छायेचा प्रबंध आहे.

येथे एक गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. गोऱ्या व काळ्या माणसांच्या त्वचेतील रंजकपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. भेद असतो तो मेलॅनिनच्या कणिकांचा आकार, त्यांचे प्रमाण व त्यांची मांडणी यांत. म्हणून सावळेपणा म्हणजे कशाचे तरी आधिक्य झालेला रोग नव्हे. तो एका यंत्रणेचा निरोगी स्वभाव आहे. डाग हा त्याच यंत्रणेचा स्थानिक बिघाड होय. एखाद्या ठिकाणी रंजकपेशी चेतविल्या जातात, अधिक मेलॅनिन बनते, किंवा बनलेले मेलॅनिन खालच्या थरात गळते. वर्ण व डाग या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

डाग किती खोल आहे यावर त्याचा रंग व त्याचे आयुष्य ठरते. बाह्यत्वचेतील मेलॅनिन तपकिरी दिसते. तेथील पेशी काही आठवड्यांत झडून नव्या येत असल्याने असा डाग काही महिन्यांत फिकट होण्याची आशा असते. अंतस्त्वचेत गळलेले मेलॅनिन तेथील भक्षकपेशी गिळून बसतात. वरच्या थरांतून येणाऱ्या प्रकाशाच्या विकिरणामुळे ते राखाडी वा निळसर दिसते, आणि वर्षानुवर्षे टिकते. वुडच्या दिव्याखाली पाहिले असता वरच्या थरातील डाग अधिक ठळक होतो, खोलवरचा तितका होत नाही. या दिव्याचा निदानात उपयोग होतो तो यासाठी.

३. डाग एक नव्हे

वांग हा बहुधा गाल, कपाळ, नाक व वरचा ओठ यांवर दोन्ही बाजूंना सारखा उमटतो. तो स्त्रियांत पुरुषांपेक्षा पुष्कळच अधिक आढळतो. गर्भारपण, संततिनियमनाच्या गोळ्या, घराण्यातील प्रवृत्ती आणि सूर्यप्रकाश ही त्याची प्रमुख कारणे. त्यातही केवळ अतिनील किरणच नव्हे, तर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही सावळ्या त्वचेत तो गडद करतो. पाश्चात्त्य वैद्यकात त्याला 'मेलॅझ्मा' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ काळा. गर्भारपणातील वांगाला 'क्लोॲझ्मा' असेही जुने नाव आहे, त्याचे मूळ मात्र हिरवे होणे या अर्थाचे. नामकरणातील गोंधळ आपल्याकडेच आहे असे नाही.

वणाचा डाग, म्हणजे दाहोत्तर काळसरपणा, हा मुरूम, इसब, भाजणे, खरचटणे यांच्या मागोमाग येतो. सावळ्या त्वचेतील रंजकपेशी दाहाला चटकन प्रतिसाद देतात, म्हणून आपल्याकडे मुरुमापेक्षा मुरुमाचा वणच अधिक काळ त्रास देतो. येथे खरा उपचार मुरुमाचा करावयाचा असतो. मुरूम फोडीत राहून वणावर मलम लावणे म्हणजे गळत्या छपराखाली फरशी पुसणे होय.

तिसरा प्रकार मानेचा. मानेच्या मागे व काखेत त्वचा जाड, मखमली व काळी होते. घरोघरी मुलांना "मान नीट घास" म्हणून दटावले जाते. पण हा बहुधा मळ नसतो. स्थूलतेसह शरीरात इन्शुलिनला होणाऱ्या अवरोधाची, म्हणजे कधी कधी येऊ घातलेल्या मधुमेहाची, ती खूण असते. दगडाने वा काथ्याने घासल्यास घर्षणामुळे ती त्वचा आणखी काळवंडते. येथे उपचार रक्तातील शर्करेची तपासणी व वजनाचे नियमन यांपासून सुरू होतो.

शरीराच्या आतील अन्य बिघाडांचीही वार्ता त्वचा देते. हातांच्या बोटांची पेरे काळवंडणे हे ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाचे लक्षण असू शकते. तळहाताच्या रेषा व हिरड्या काळ्या पडणे हे अधिवृक्क ग्रंथींच्या त्या रोगाचे लक्षण आहे, ज्याचे वर्णन टॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली केले. तळवा, तळपाय वा नख यांवर नव्याने आलेला आणि आकार, कड वा रंग बदलणारा काळा डाग तत्काळ दाखवावा. सावळ्या लोकांत त्वचेचा एक घातक कर्करोग अशा जागी उद्भवतो.

फिकट चट्ट्यांबाबतही शब्दाने अनर्थ केला आहे. संस्कृत 'कुष्ठ' याचे प्राकृतात 'कोढ' व मराठीत 'कोड' झाले. आज मराठीत कोड म्हणजे पांढरे डाग, आणि तत्सम 'कुष्ठरोग' म्हणजे जंतुजन्य महारोग. हे दोन पूर्णतः भिन्न विकार होत. कोड संसर्गजन्य मुळीच नव्हे. पण शब्दांचे नाते समाजाच्या मनात टिकून राहिले, आणि कोड असलेल्या कित्येकांना दुसऱ्याच रोगाचा बहिष्कार भोगावा लागला. भेद ओळखण्याची एक सोपी कसोटी अशी : कोडाचा चट्टा पांढराशुभ्र असतो व तेथे स्पर्श कळतो. फिकट वा तांबूस चट्टा बधिर असेल, तर कुष्ठरोगाची शंका घेऊन शासकीय आरोग्यकेंद्रात जावे. तेथे त्याची औषधे विनामूल्य मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो.

४. कुंकू, टिकली आणि बिब्बा

काही डाग आपण स्वतःच लावून घेतो. हळदीवर चुन्याची क्रिया होऊन बनलेले कुंकू मागे पडले व कृत्रिम रंगांचे कुंकू बाजारात आले. त्यातील काही रंग व सुगंधी द्रव्ये यांमुळे कपाळावर नेमक्या कुंकवाच्या जागी काळसर डाग पडतो. तो टाळावा म्हणून चिकट टिकली लावावी, तर तिच्या डिंकातील पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फेनॉल हे द्रव्य रंजकपेशींचा नाश करू शकते व त्याच जागी पांढरा डाग उमटतो. कपाळाच्या एकाच बिंदूवर सौभाग्याच्या एकाच चिन्हापासून दोन परस्परविरोधी विकार व्हावेत, हे त्वचाशास्त्राचे एक लक्षणीय उदाहरण आहे. दोहोंचा पहिला उपचार एकच : ती वस्तू लावणे थांबविणे.

घरगुती उपायांपैकी लिंबू सर्वांत लोकप्रिय. परंतु लिंबाच्या रसातील काही द्रव्ये त्वचेवर असताना ऊन लागले, तर तेथे भाजल्यासारखा दाह होतो व मागे गडद वण उरतो. बिब्ब्याचे तर सांगावयासच नको. ज्याच्या रसाने परीट कपड्यांवर न पुसणारी खूण करीत, त्याच रसाने त्वचेवरील डाग जाईल अशी अपेक्षा करणे विलक्षण आहे. एखाद्या कार्यात बिब्बा घालणे म्हणजे ते बिघडविणे, असे आपली भाषा कधीपासून सांगत आली आहे.

५. उपचाराचा क्रम

निदान झाल्यावरचे पहिले पाऊल कारणाचे निवारण. दुसरे, प्रकाशापासून रक्षण. छत्री, पदर, रुंद काठाची टोपी आणि किमान ३० संरक्षणांकाचा सनस्क्रीनचा लेप हे सर्व उपाय मिळून उपयोगी पडतात. लेप चेहरा व मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीएवढा घ्यावा आणि उन्हात वावरताना दोन-तीन तासांनी पुन्हा लावावा. वांगासाठी लोहाची प्राणिदे मिसळलेला, त्वचेच्या रंगाचा लेप अधिक श्रेयस्कर, कारण दृश्य प्रकाश अडविण्याचे काम तो करतो. हे पाऊल वगळून केलेला वांगाचा कोणताही उपचार टिकत नाही.

तिसरे पाऊल औषधांचे. हायड्रोक्विनोन हे टायरोसिनेजच्या कार्यात अडथळा आणते. त्याच्या कुळातील द्रव्यांची ओळख एका अपघातातून झाली. अमेरिकेतील एका चामड्याच्या कारखान्यात रबरी हातमोजे वापरणाऱ्या कामगारांच्या हातांवर पांढरे चट्टे पडले, आणि त्या मोज्यांतील एक रसायन त्याला कारण असल्याचे १९३९ साली प्रसिद्ध झाले. ॲझेलेइक आम्लाची कथा याहून सुरस आहे. शिबे ज्या यीस्टमुळे होतात, त्याने निर्माण केलेली आम्ले त्वचा फिकट करीत असावीत, या निरीक्षणाचा इटलीतील संशोधकांनी १९७० च्या दशकात पाठपुरावा केला. त्यातून वांग व मुरूम या दोहोंवरचे एक सौम्य औषध हाती आले. गर्भारपणात हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन टाळतात. ॲझेलेइक आम्ल त्या काळातही सुरक्षित मानले जाते. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे मूळचे रक्तस्राव रोखणारे औषध. वांगावरील त्याचा गुण १९७९ साली जपानात ध्यानात आला. परंतु रक्तात गुठळी होण्याची प्रवृत्ती असणाऱ्यांना ते पोटातून देणे धोक्याचे असल्याने वैद्यकीय देखरेखीवाचून ते घेऊ नये.

रासायनिक साल काढणे व लेसर हे उपाय शेवटचे. सावळ्या त्वचेत त्यांचाच दाह होऊन नवा वण पडण्याचे भय असते, म्हणून ते अनुभवी हातांतच शोभतात. कोणत्याही उपचाराचा गुण दिसण्यास दोन ते तीन महिने तरी लागतात. आठ दिवसांत डाग घालविण्याचे जो आश्वासन देतो, तो एक तर त्वचेचे शास्त्र जाणत नाही किंवा काय विकतो ते सांगत नाही.

६. उजळणे या क्रियापदाचे दोन अर्थ

या विषयाच्या इतिहासात १९७५ हे साल मोठे विचित्र आहे. त्या वर्षी अमेरिकेत अल्बर्ट क्लिगमन व आयझॅक विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व एक स्टेरॉइड यांचा संयोग डागांवर औषध म्हणून मांडला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतून फिंडले व त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रोक्विनोनच्या दीर्घ वापराने त्वचा कायमची निळसर-काळी पडल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. त्याच वर्षी टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून त्वचेचे वर्गीकरण मांडले. ते आरंभी गोऱ्या त्वचेपुरतेच होते. आपल्यापैकी बहुतेक ज्यांत मोडतात त्यांपैकी पाचवा व सहावा हे वर्ग त्यात मागाहून आले. आणि त्याच वर्षी भारतात 'फेअर अँड लव्हली' हे गोरेपणाचे मलम बाजारात आले. औषध, त्याचा धोका, मोजपट्टी आणि बाजार ही चारही एकाच वर्षी अवतरली.

क्लिगमन यांचा संयोग तज्ज्ञाच्या देखरेखीखाली मर्यादित काळ वापरावयाचा आहे. भारतात त्याची सौम्य रूपे दुकानांतून सरसहा विकली गेली व लोकांनी ती गोरेपणाची मलमे म्हणून महिनोन्महिने लावली. स्टेरॉइड प्रथम लाली दडपते व रंग उतरविते, म्हणून गुण आल्याचा भास होतो. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या व लव येते, आणि औषध थांबविताच दाह उसळतो. हा प्रकार येथे इतका वाढला की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांना २००८ पासून त्यासाठी स्वतंत्र संज्ञा योजावी लागली : स्टेरॉइडबाधित चेहरा. २०१८ साली केंद्र शासनाने बाह्योपचाराच्या अनेक स्टेरॉइडांना चिठ्ठीवाचून विक्री नसलेल्या औषधांच्या अनुसूचीत घातले. लेखिकेच्या नळीवर काय लिहिले होते, हे तिने वाचले असते तर ही तीन नावे तिला तेथेच सापडली असती. पाऱ्याचा धोका निराळाच. पारा टायरोसिनेजला निष्क्रिय करतो व मूत्रपिंडांना इजा करतो. २०२३ साली केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात असे मूत्रपिंडविकार त्वचा उजळविणाऱ्या मलमांशी निगडित असल्याचे आढळले.

या सर्वांच्या मुळाशी एका क्रियापदाची संदिग्धता आहे. 'उजळणे' म्हणजे डाग जाऊन त्वचा एकसारखी होणे, आणि 'उजळणे' म्हणजे सावळ्याचे गोरे होणे. वैद्य पहिल्या अर्थी बोलतो, बाजार दुसऱ्या अर्थी विकतो, आणि रुग्ण दोहोंच्या मध्ये उभा असतो. २०२० साली त्या प्रसिद्ध मलमाच्या नावातील 'फेअर' जाऊन 'ग्लो' आले. पण विवाहाच्या बोलण्यांत 'मुलगी उजळ आहे' या वाक्याचा अर्थ अद्याप बदललेला नाही. ज्या समाजाने आपल्या आराध्यदैवताला सावळा म्हणून प्रेमाने आळविले, त्यानेच सुनेच्या सावळेपणाची क्षमा मागावी, ही विसंगती कोणत्याही मलमाने जाणारी नव्हे.

७. समारोप

मराठीत 'नितळ' असा एक सुरेख शब्द आहे. पाणी नितळ असते ते त्याला पांढरा रंग असतो म्हणून नव्हे, तर त्यात गढूळपणा नसतो म्हणून. विहिरीचे नितळ पाणी काळेभोर दिसू शकते. त्वचेच्या उपचाराचे साध्य हेच असावे : आपापल्या वर्णाची नितळ त्वचा, दुसऱ्याचा वर्ण नव्हे.

लेखिकेचा चेहरा शांत होण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. वांग आजही आहे. उन्हाळ्यात गडद होतो, पावसाळ्यात निवतो. डॉक्टरांनी तो पूर्ण जाईल असे कधीच सांगितले नाही, आणि त्या प्रामाणिकपणाचा उपयोग औषधाइतकाच झाला. विद्यार्थ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की डॉक्टरांपुढे बसताना 'डाग' म्हणून थांबू नये. तीळ की मस, वण की वांग, शिबे की कोड, सपाट की उंच, कधीपासून, कशानंतर, काय लावल्यावर, हे सर्व सांगावे, आणि लावलेल्या मलमाची नळी सोबत न्यावी. आपल्या भाषेने हे भेद पूर्वीच करून ठेवले आहेत. ते वापरात ठेवले, तर वांगाला व्यंग समजण्याची चूक आपण करणार नाही.